निद्रेसाठी मुळ्या : कामठीच्या औषधविक्रीतील अनुभव

मनाला आणि शरीराला निववणाऱ्या वनस्पतींविषयीचे लेखन बहुधा त्यांच्या गुणधर्मांपासून सुरू होते. औषधविक्रीच्या कामात मात्र त्यांची गाठ पडते ती तक्रारीच्या अंगाने, आणि कामठीत ही तक्रार पुष्कळदा झोपेची असते. नागपूरच्या ईशान्येस, कन्हान नदीच्या काठी, ब्रिटिशांनी १८२१ साली वसवलेल्या या छावणीच्या गावाभोवती पुढे विणकरांची आणि विडी वळणाऱ्यांची वस्ती वाढली, त्यानंतर परिसरात कोळशाच्या खाणी आल्या आणि तालुक्यातच कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. खाण आणि वीजकेंद्र ही चोवीस तास चालणारी ठिकाणे असल्याने तेथील काम पाळ्यांनी होते, म्हणजे एका आठवड्यात रात्री झोपायचे आणि दुसऱ्या आठवड्यात भरदिवसा, अशी शरीराची ओढाताण नित्याची असते. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात, आणि वीज जाऊन कूलर बंद पडला की अख्ख्या मोहल्ल्याची झोप मोडते. अशा गावात औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला निद्रानाश हा शब्द फारसा ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ते ‘झोपच नाई येत ना भाऊ’, आणि त्यामागोमाग येणारी पुस्ती, की गोळी नको, काही देशी असेल तर द्या.

‘देशी’ या मागणीत दोन समजुती एकत्र नांदतात. पहिली अशी की झोपेच्या गोळीची सवय लागते आणि मुळीची लागत नाही. दुसरी अशी की जे पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आले आहे ते निर्धोक असलेच पाहिजे. पहिल्या समजुतीत पुष्कळ तथ्य आहे. दुसरीत तथ्य किती हे ठरवण्यासाठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या नेमके काय, किती, कशाबरोबर आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतले जात होते हे पाहावे लागते, आणि या व्यवसायात काही वर्षे काढलेल्या माणसाचे लक्ष हळूहळू तिकडेच वळते.

कामठी-नागपूरकडे या कारणासाठी विकल्या जाणाऱ्या मुळ्या मोजक्याच आहेत. सर्वांत अधिक खप आस्कंदाचा, म्हणजे अश्वगंधेचा. त्याखालोखाल जटामांसी आणि तगर-गंठोडा, म्हणजे हिमालयातून येणारी आणि युरोपातील व्हॅलेरियनची सख्खी नातलग असलेली सुगंधी मुळी, यांचा क्रम लागतो. पिंपळमूळ हे खरे तर स्वयंपाकघरातले आणि बाळंतिणीच्या खुराकातले, पण गुळाबरोबर किंवा दुधातून घेतल्यास झोप आणते अशी त्याची जुनी ख्याती आहे. सर्पगंधेची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण शांतवणाऱ्या मुळीचे काय काय होऊ शकते याचा पूर्ण पाठ तिच्या इतिहासात मिळतो.

आस्कंद हे वांगे, टोमॅटो आणि धोतऱ्याच्या कुळातील कमरेएवढे झुडूप असून मराठीत त्याला ढोरगुंज असेही नाव आहे. विदर्भात ते पडीक जागी आणि वाटेच्या कडेला आपोआप उगवलेले दिसते, परंतु बाजारात येणारे मूळ या रानटी झाडाचे नसते. ते लागवडीचे असते आणि त्याला नागोरी आस्कंद म्हणतात. मध्य प्रदेशातील मंदसौर आणि नीमच हे जिल्हे या लागवडीचे मुख्य क्षेत्र असून नीमचच्या मंडीतून हे मूळ देशभर जाते, नागपुरातही येते. पावसाळ्यात पेरलेले पीक पाच-सहा महिन्यांनी, झाडाची पाने सुकू लागली आणि फळे लाल झाली की उपटतात, मुळे छाटून वाळवतात आणि जाडी-लांबीनुसार त्यांची प्रत लावतात. उत्तम प्रतीचे मूळ जाड, ठिसूळ आणि आतून पांढरेशुभ्र असते व मोडताच कट्‌कन तुटते, कारण त्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, प्रमाण अधिक असते. रानटी झाडाचे मूळ बारीक, लाकडी आणि तंतुमय असते. काष्ठौषधींच्या व्यापारात मुरलेला माणूस हे बोटांनी ओळखतो, पण चूर्ण झाल्यावर ती ओळख संपते, आणि ग्राहकाच्या हाती येते ते बहुधा चूर्णच.

आता या मुळाचा परंपरेतील मान कशासाठी होता हे पाहिले तर थोडे आश्चर्य वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास औषधीगट दिलेले आहेत, आणि त्यांतील बल्य, म्हणजे बळ देणाऱ्या, तसेच बृंहणीय, म्हणजे शरीर भरणाऱ्या द्रव्यांच्या गटांत अश्वगंधेचे नाव येते. कृश माणूस, आजारातून उठलेला माणूस, वातव्याधीने जखडलेला माणूस हे तिचे जुने रुग्ण होत. झोप न येणाऱ्यासाठी त्याच ग्रंथात जे उपाय येतात ते अंगाला तेल चोळणे, स्नान, भात, दही, दूध, तूप आणि मनाला सुख देणाऱ्या गोष्टी असे आहेत, आणि निद्रा आणणाऱ्या पदार्थांत अग्रस्थान म्हशीच्या दुधाला दिलेले आहे. आस्कंद या उपायांत शिरते ते दुधाच्या सोबतीने. थकलेल्या, वाळलेल्या माणसाचे पोषण झाले की त्याची झोप आपसूक सुधारते, असा तो विचार दिसतो, आणि पाळीच्या कामाने शिणलेल्या खाणकामगाराच्या बाबतीत तो आजही अगदीच गैरलागू म्हणता येत नाही. आजच्या जाहिरातीतील ‘ताण घालवणारी वनस्पती’ हे आस्कंदाचे रूप मात्र त्या मानाने ताजे आहे.

घरोघरची रीत अशी की चमचाभर चूर्ण दुधात उकळायचे, वर तूप किंवा खडीसाखर घालायची आणि हिवाळ्याच्या दिवसांत काही आठवडे घ्यायचे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात, म्हणजे औषधांच्या प्रतीचे आणि मात्रेचे सरकारी मानक ठरवणाऱ्या ग्रंथात, मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे आणि घरगुती रीत साधारण तिच्याच आसपास राहते. या रीतीत लक्षात घेण्याजोगे बरेच काही न बोलता ठरलेले असते. चूर्ण मुळाचेच असते, पानांचे नव्हे. चव तुरट-कडू आणि वास उग्र असल्याने ते भरमसाट खाल्ले जात नाही. ज्याला दूध पचत नाही किंवा पोट बिघडलेले आहे त्याला ते आपोआप वर्ज्य होते. ऋतू बदलला की घेणे थांबते. आणि गर्भवतीला देऊ नये हे घरातील म्हाताऱ्या बाईला माहीत असते. परंपरेने मुळीला जे निर्धोकपणाचे प्रशस्तिपत्र दिले ते या सर्व चौकटीसह दिलेले आहे. औषधविक्रेत्याची अडचण अशी की ग्राहक प्रशस्तिपत्र घेऊन येतो आणि चौकट मागे सोडून येतो.

कॅप्सूल ही त्या चौकटीबाहेरची वस्तू आहे, आणि तिचा खप कामठीतही गेल्या काही वर्षांत ठळकपणे वाढला आहे. कॅप्सूलमध्ये साधे चूर्ण क्वचितच असते. असतो तो अर्क, म्हणजे पाण्यात किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकात मुळातील द्रव्ये उतरवून आणि ते द्रावण आटवून केलेले घनसत्त्व. आस्कंदातील ज्या संयुगांना विथेनोलाइड म्हणतात त्यांचे शेकडा प्रमाण वेष्टनावर छापलेले असते, आणि ग्राहक जितका आकडा मोठा तितका माल चांगला असे समजतो. वास्तविक साध्या मुळात ही द्रव्ये फारच थोडी असतात, त्यामुळे अधिक शेकड्याचा अर्क घेणारा माणूस आजोबांनी घेतलेल्या चूर्णाहून निराळेच औषध घेत असतो, आणि आजोबांना त्रास झाला नाही हा दाखला त्याच्या उपयोगी पडत नाही. शिवाय विथाफेरिन-ए नावाचे, पेशींना अपाय करू शकणारे संयुग पानांत मुळांपेक्षा बरेच अधिक असते आणि पाने मुळांहून पुष्कळ स्वस्त पडतात, त्यामुळे आकडा वाढवण्यासाठी पानांचा अर्क मिसळण्याचा मोह उत्पादकाला होतो. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने वापरू नयेत अशी सूचना काढली ती याच पार्श्वभूमीवर. वेष्टनावर ‘केवळ मूळ’ असे स्पष्ट छापलेले आहे की नुसतेच वनस्पतीचे नाव, हे पाहण्याची सवय त्यानंतर काही विक्रेत्यांना लागली; ग्राहकांना ती अजून लागलेली नाही.

यकृताचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. आइसलँड आणि अमेरिका येथील पाच रुग्णांचा वृत्तान्त २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अश्वगंधा असलेली उत्पादने घेऊ लागल्यावर काही आठवड्यांत त्यांना कावीळ आणि असह्य खाज सुरू झाली होती आणि औषध थांबवल्यावर ते बरे झाले. त्यानंतर भारतातील यकृततज्ज्ञांनीही असे रुग्ण नोंदवले, आणि ज्यांचे यकृत आधीच खराब होते त्यांच्यात परिणाम अधिक वाईट असल्याचे दिसले. घेणाऱ्यांच्या अफाट संख्येच्या मानाने हे रुग्ण थोडे आहेत हे खरे, परंतु कामठीसारख्या ठिकाणी दारू पिणारे, जुनी कावीळ होऊन गेलेले आणि क्षयाची औषधे चालू असलेले लोक दुकानात रोज येतात, आणि क्षयावरील काही मुख्य औषधे स्वतःच यकृताला त्रास देणारी आहेत. अशा माणसाला हौसेखातर कॅप्सूल देणे योग्य ठरत नाही. थायरॉइड ग्रंथीच्या बाबतीतही सावधगिरी लागते, कारण अश्वगंधेमुळे या ग्रंथीचा स्राव वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत आणि थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या आता लहान गावांतही मोठी आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम ती थोडा वाढवू शकते, आणि झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास गुंगी वाढू शकते. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली तेव्हा भारतात त्याविषयी रोष व्यक्त झाला. बंदी हा टोकाचा उपाय होता असे म्हणायला जागा आहे, पण बंदीमागे मांडलेले प्रश्न, म्हणजे थायरॉइड, लैंगिक संप्रेरके आणि गर्भपाताची शक्यता यांविषयीचे, केवळ परकीयांनी काढले म्हणून बाद होत नाहीत. गर्भवतीने घेऊ नये हे तर आपल्याकडच्या घरांतही सांगितले जातच होते.

उपयोग होतो की नाही, या प्रश्नाला उत्तर देताना प्रामाणिक विक्रेत्याला थोडे अडखळावे लागते. ताण आणि झोप यांवर अश्वगंधेच्या चाचण्या झालेल्या आहेत, त्यांपैकी बऱ्याच भारतातच झाल्या, आणि त्यांत झोप लवकर लागणे व अस्वस्थता कमी होणे असा माफक लाभ दिसला. पण या चाचण्यांतील माणसे थोडी, मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची, आणि वापरलेला अर्क प्रत्येक वेळी वेगळा, त्यामुळे एका अर्काचा निष्कर्ष दुसऱ्या कंपनीच्या डबीला लावता येत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते याविषयी त्यांच्यावरून काहीच म्हणता येत नाही.

सर्पगंधेकडे वळले म्हणजे चित्र एकदम बदलते, कारण येथे मुळीच्या सामर्थ्याविषयी शंकेला जागाच नाही. मराठीत अडकई या नावानेही ओळखली जाणारी ही लहान वनस्पती दमट जंगलांच्या सावलीत वाढते. उत्तर भारतात, विशेषतः बिहारकडे, ती वेडावर देण्याचे औषध म्हणून लोकांना माहीत होती, आणि युनानी वैद्यकात असरोल या नावाने तिचा वापर होत असे. मिऱ्यांसह केलेले ‘दवाउश्शिफा’ हे तिचे युनानी औषध उर्दू बोलणाऱ्या कामठीतील वयस्कर माणसांना ऐकून तरी ठाऊक असते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण नोंदवला, आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींत सापडणारी नायट्रोजनयुक्त तीव्र द्रव्ये, वेगळी केली व त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. पुढचे पाऊल मुंबईत पडले. केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळे केले, न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी दोन वर्षांतच मनोरुग्णांवर त्याचा प्रयोग मांडला, आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या यशोगाथेचा उत्तरार्ध मराठी वाचकांसमोर सहसा येत नाही. रेसर्पिन हजारो रुग्णांना देण्यात येऊ लागले तशी त्याची दुसरी बाजू उघड झाली : नाक चोंदणे, जठरातील व्रण उफाळणे, हातापायांना कंप आणि ताठरपणा, आणि सर्वांत चिंताजनक म्हणजे काही रुग्णांत खोल उदासी, जिची परिणती कधी आत्महत्येच्या विचारांतही होते. कारणही कळले. मेंदूतील पेशी सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन अशी निरोप पोहोचवणारी द्रव्ये लहान लहान कोषांत साठवून ठेवतात. रेसर्पिन ती साठवण मोडते, साठा रिता होतो आणि माणूस शांत होतो, पण ही शांतता विश्रांतीची नसून रितेपणाची असते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निपचित केलेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले; डोपामिनचे महत्त्व दाखवणाऱ्या त्यांच्या संशोधनाची सुरुवात तेथे झाली आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे एका भारतीय मुळीच्या दुष्परिणामातून मेंदूविषयीच्या ज्ञानात मोलाची भर पडली, असे म्हणावे लागते.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. उदासीनतेचा इतिहास असलेल्याला, जठरव्रणाच्या रुग्णाला, कंपवात झालेल्याला सर्पगंधा देता कामा नये, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याने ती विकताच कामा नये. दुकानात मात्र नेमका असाच माणूस ती मागायला येतो, कारण झोप न येणे हे पुष्कळदा उदासीचेच पहिले लक्षण असते : पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, भूक मेलेली असते, कामात मन नसते. अशा माणसाला शांत करणारी मुळी देणे म्हणजे आधीच रित्या झालेल्या हौदाची तोटी आणखी उघडून ठेवणे होय. या कामात मुरलेला विक्रेता त्यामुळे झोपेविषयी विचारताना झोप ‘लागत’ नाही की लागलेली ‘टिकत’ नाही हे आधी विचारतो, आणि दुसरे उत्तर मिळाले की मुळीऐवजी डॉक्टरांकडे बोट दाखवतो. विक्री हुकते, पण तो प्रश्न वेगळा.

ओळखीचा घोटाळा हा या व्यापारातील सर्वांत दुर्लक्षित धोका असावा. कामठीत औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांत विद्यार्थ्याला औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मुळाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकवतात. खऱ्या सर्पगंधेच्या सालीत दगडपेशी, म्हणजे कडक जाड भिंतीच्या पेशी, नसतात आणि तिची भेसळ म्हणून येणाऱ्या भावंड-जातींत त्या असतात, हे तेव्हा घोकून घ्यावे लागते. विद्यार्थिदशेत हे पाठांतर निरर्थक वाटते. त्याचा अर्थ उमगतो तो नंतर, बाजारातून आणलेली ‘सर्पगंधा’ बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या तिच्या परदेशी भावंडाची निघू शकते हे कळल्यावर, कारण त्या भावंडातही रेसर्पिन असते, पण किती याचा भरवसा नसतो. जंगलातील सर्पगंधा बेसुमार खोदली गेल्याने दुर्मीळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे, नियंत्रण आले. माल टंचाईचा झाला की भेसळ वाढते, हा बाजाराचा नियम मुळ्यांनाही लागू आहे. नावांचा गोंधळ वेगळाच. अंगणात पूजेच्या पांढऱ्या फुलांसाठी लावलेली तगर आणि झोपेसाठी सांगितलेली तगर यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. अंगणातली तगर सर्पगंधेच्याच कुळातील असून तिच्या मुळातही अल्कलॉइडे असतात. कोणी मासिकात वाचून अंगणातली तगर उपटून उकळू नये, एवढ्यासाठी तरी ‘तगर’ न म्हणता ‘तगर-गंठोडा’ म्हणण्याचा जुन्या दुकानदारांचा आग्रह योग्य ठरतो, आणि तेथेही पुडी बांधणाऱ्याने नुसत्या गंठोड्याच्या, म्हणजे पिंपळमुळाच्या, डब्यात हात घातलेला नाही ना हे पाहावे लागतेच. तगर-गंठोड्याची ओळख तिच्या वासाने पटते. तो वास इतका उग्र आणि चमत्कारिक असतो की एकदा घेतल्यावर विसरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने गोळी आणि मुळी या दोन जगांत केवढे अंतर आहे हे काउंटरच्या दोन टोकांवर दिसते. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी झोपेची औषधे मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि दिल्यास रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. आयुर्वेदिक औषधांच्या बाबतीत उत्पादनाला परवाना लागतो, विक्रीला लागत नाही, त्यामुळे अश्वगंधेची कॅप्सूल किराणा दुकानात, व्यायामशाळेत किंवा फोनवरून मागवून कोणालाही मिळते आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. एकाच रात्री एकाच माणसाने दोन्ही घेतल्या तर वहीला त्यातले निम्मेच ठाऊक असते.

आणि दोन्ही घेतल्या जातात, हाच या कामातील नित्याचा अनुभव आहे. त्याहून घातक प्रकार म्हणजे गोळी एकदम सोडून मुळी सुरू करणे. वर्षभर रोज अल्प्राझोलम घेतलेल्या माणसाने ‘देशी’वर विश्वास ठेवून ती एका रात्रीत बंद केली तर पुढचे काही दिवस झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते, छातीत धडधडते, हात थरथरतात आणि क्वचित फिट येऊ शकते, कारण ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू कमी करायची असतात. अशा वेळी ग्राहक परत येतो तो तक्रार घेऊन, की मुळीचा काही उपयोग नाही, गोळीच द्या. त्याला खरे कारण समजावून सांगण्यास दहा मिनिटे लागतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटे कोणाजवळच नसतात, मागे रांग असते, समोर चिठ्ठ्या असतात, फोन वाजत असतो. औषधविक्रेत्याच्या कामाचे खरे दुखणे येथे आहे : ज्ञान असून ते सांगायला वेळ नसणे.

म्हणून प्रश्न थोडे आणि नेमके करावे लागतात, आणि कामठीत ते तीन भाषांत करावे लागतात, कारण गावाची बोली मराठी, हिंदी आणि उर्दू यांच्या सरमिसळीची आहे. ‘दुसरी कोणती औषधे घेता’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘काहीच नाही’ असे येते, कारण रोजची रक्तदाबाची गोळी ही आता त्या माणसाच्या लेखी औषध उरलेली नसते. ‘सकाळी उपाशीपोटी काय घेता, रात्री जेवणानंतर काय घेता’ असे विचारले की थायरॉइड, साखर, दाब हे सर्व एकेक करून बाहेर येते. दारूविषयी थेट विचारलेले कोणाला रुचत नाही, पण कावीळ कधी झाली होती का या प्रश्नाला सगळे मोकळेपणाने उत्तर देतात. तरुण स्त्रीला दिवस गेले आहेत का हे विचारायला पुरुष विक्रेत्याला संकोच वाटतो. तेव्हा सोबत आलेल्या सासूला किंवा आईला ‘घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे देऊ नका’ असे सांगितले की काम होते. एवढे विचारून झाल्यावर ज्याला साधा थकवा आहे, ज्याची इतर औषधे नाहीत आणि यकृताची तक्रार नाही, अशा माणसाला आस्कंदाचे साधे चूर्ण, थोड्या मात्रेत, दुधाबरोबर आणि काही आठवड्यांपुरते देण्यात या कामातील अनुभवी माणसाला गैर वाटत नाही. अर्काच्या कॅप्सूलविषयी तो हात आखडता घेतो. सर्पगंधा तो वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या लेखी सूचनेवाचून देतच नाही.

देताना एक सूचना न चुकता करावी लागते : घेऊ लागल्यापासून लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली, तर घेणे त्याच दिवशी थांबवायचे आणि डबी किंवा पुडी फेकून न देता ती घेऊन रुग्णालय गाठायचे. डॉक्टरांनी ‘कोणते औषध चालू होते’ असे विचारल्यावर ‘कसली तरी जडीबुटी’ एवढेच उत्तर मिळाले तर निदानात दिवस जातात. डबीवर वनस्पतीचे नाव, कधी मूळ की पान हेही, अर्काचे प्रमाण, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असतो, आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी आयुष मंत्रालयाने जी यंत्रणा उभारली आहे तिच्या अर्जात हीच माहिती लिहावी लागते. सुट्या पुडीवर यातले काहीच नसते; तिच्यावर विक्रेत्याने पेनाने वनस्पतीचे नाव, दुकानाचे नाव आणि तारीख लिहून दिली, तर डॉक्टरांना निदान विचारायला कोणाकडे जायचे हे तरी कळते.